‘आपला कोण?’ हा दुसरा प्रश्न



मोहल्ल्यात नवरा-बायकोचं भांडण झालं की आपण आधी विचारतो, “मुलगी कुणाची?” काय घडलं, ते नंतर. मुलगा मामूंचा असेल तर त्याच्याकडून बोलायचं, मुलगी खालाची असेल तर तिच्याकडून. यात हेतू वाईट नसतो. ज्यांच्या घरी आपण ईदचा शीरखुर्मा पितो, त्यांचीच बाजू आपल्या कानावर पडते.

अख्खा समाज असं वागला तर काय होतं, ते शाहबानो प्रकरणात दिसलं. इंदूरच्या शाहबानोंचं लग्न १९३२ मध्ये झालं. १९७५ मध्ये वकील पतीने त्यांना घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये त्या पोटगीसाठी कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी त्यांना तलाक दिला गेला. कनिष्ठ कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली, हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पतीचं अपील फेटाळलं.

प्रश्न एवढाच होता, की उतारवयात या बाईने जगायचं कशावर? पण निकालपत्रात समान नागरी कायद्याचा विषय आला आणि भांडणच बदललं. आपल्यातले हजारो लोक ‘शरियत धोक्यात’ म्हणून रस्त्यावर उतरले. दुसरीकडे, ज्यांना मुस्लिम बाईच्या चुलीशी कधी देणंघेणं नव्हतं, त्यांना अचानक तिचा कळवळा आला. दोन्हीकडच्यांनी आपापली माणसं पाहून बाजू घेतली. मधल्या मध्ये शाहबानो एकट्या पडल्या. समाजाच्या दबावाखाली त्यांनी मिळालेला निकालही जाहीरपणे नाकारला. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला.

मग आपल्या माणसांना सोडायचं का? मुळीच नाही. कुरआनच्या सूरह निसामधली १३५वी आयत सांगते, की साक्ष न्यायाची द्या, मग ती आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. आणि जुलूम करणाऱ्या भावाचीही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा, असं हदीस सांगते. नातं तोडायला कुणी सांगत नाही. उलट, आपलं ऐकेल असा माणूस आपलाच असतो, म्हणून त्याला थांबवण्याची जबाबदारीही आपलीच.

तेव्हा पुढच्या वेळी जमातीत, घरात किंवा मोबाइलच्या ग्रुपवर कुणाची बाजू घेण्याआधी दोन गोष्टी करा. दोघांचं ऐका. आणि नावं अदलाबदल करून पाहा: हेच खालाच्या मुलीबाबत घडलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? उत्तर बदललं, तर समजा की आपण न्यायाची नाही, नात्याची बाजू घेतोय.