पिशवी काढली तरी दुखणं तिथंच

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोद्याकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा झाला तरी दंड. फडावर न्हाणी नाही, पाणी लांब, पाळीतही मोळी उचलायचीच. अशात अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली, वास येऊ लागला, तरी बाई दुखणं अंगावरच काढते. मग कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल."

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर सरकारी समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. जवळपास सहा जणींमागे एक!

पण ताई, असं पांढरं जाण्यामागचा संसर्ग बहुधा पिशवीत नसतोच, योनिमार्गात असतो. तिथं लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा. ते आंबटपणा राखतात, त्यात उपद्रवी जंतूंचं फारसं चालत नाही. या जंतूंना खाद्य मिळतं ते बीजकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेनच्या जोरावर. पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर आंबटपणा घटतो, हाडंही ठिसूळ होतात.

आता जीवनसत्त्वांनी हा संसर्ग जातो का, ते पाहू. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या गरोदर बायकांत असा संसर्ग जास्त आढळला, हे अमेरिकेतल्या २००९च्या एका अभ्यासात दिसलं. पण पुढे एका चाचणीत ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊनही संसर्ग परत यायचा थांबला नाही. म्हणून नुसत्या टॉनिकच्या बाटलीवर पैसे घालवू नका. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या जरूर घ्या, पण त्या रक्तासाठी.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. माझ्या मते खरी कमतरता आहे ती या तपासणी-उपचारांचीच.

पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. वास, खाज, हिरवट-पिवळा रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर ग्रामीण रुग्णालय गाठा. कारण सापडलं की बहुतेकदा काही दिवसांच्या गोळ्यांनी भागतं. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो कुरकुरला तरी त्याला सोबत न्या.