सांधा आणि वळण



मी शाळेत फारसा गेलो नाही. कामगारांच्या चौकश्या लढवता लढवता जे शिकलो, तेवढीच माझी पुंजी. आज खेळण्यातल्या आगगाडीविषयी बोलणार आहे. हसू नका, तिने एका गरिबाचा पगार वाचवला आहे.

आपल्या हातकणंगल्यावरून मिरज-कोल्हापूर गाडी १८९१ पासून धावते. १९७१ साली तो मार्ग रुंदमापी झाला. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती सांध्यामुळे. सांधा १:१२, १:८.५ असा मोजतात. १:१२ म्हणजे बारा हात पुढे जाताना एक हात बाजूला. आकडा मोठा तितके वळण सौम्य.

हौशी मंडळींची एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ वा भाग असते. टेबलावर १८ इंच त्रिज्येचे वळण घातले, तर खऱ्या मापात ते अवघे ४० मीटर झाले! आपल्या रुंदमापी मार्गावर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्या चालत नाही. म्हणजे टेबलावर दोन मीटर हवेत. म्हणून तिथे लांब डबे रूळ सोडतात. १९०७ च्या माथेरानच्या गाडीला घाटात फार तीव्र वळणे घ्यावी लागली. म्हणून तिची पहिली इंजिनेच अशी बनवली, की पुढचा-मागचा आस वळणावर सरकावा. वळण बदलता येत नसेल, तर गाडी बदलावी लागते.

आता माझा अनुभव. एका ओतकामाच्या कारखान्यात रुळांवरची ढकलगाडी एकाच जागी तीनदा घसरली. दंड झाला सांधा ओढणाऱ्या कामगाराला. मी तिथे रुळाच्या आतल्या कडेला तीन मीटर दोरी ताणली. दोरीच्या मध्यापासून रूळ १५ सेंटिमीटर दूर. दोरीच्या लांबीचा वर्ग करावा, त्याला या अंतराच्या आठपटीने भागावे: त्रिज्या साडेसात मीटर! शिवाय उजवे वळण संपते तिथेच डावे सुरू. मध्ये सरळ रूळ वीतभरही नाही. पुढची गाडी डावीकडे वळते, मागची अजून उजवीकडेच असते, आणि जोडाला आडवा हिसका बसतो.

चौकशीत मी फळीवर तारेचे रूळ ठोकून हेच दाखवले. खेळण्यातली गाडी साहेबांच्या हातूनही घसरली. मग मध्ये एका गाडीच्या लांबीइतकी सरळ तार घातली. गाडी सुरळीत गेली. दंड परत मिळाला. रूळ बदलायला मात्र पुढे सात महिने लागले.

मित्रहो, गाडी घसरली की माणसाकडे बोट दाखवणे सोपे असते. आधी दोरी घेऊन वळण मोजा.