माझ्या मानेचं ऑपरेशन
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील एका सभासदाचे भाषण)

सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. गेल्या 25 वर्षांत जनरल बॉडीत मी इतक्या कमी वेळात कधी बसलेलो नाही, पण आज प्रयत्न करतो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमारास माझा डावा हात दुखायला लागला. खांद्यापासून दंडाच्या मागच्या बाजूने थेट मधल्या बोटापर्यंत कळ जायची. बोट बधिर. रात्री हात डोक्यावर ठेवून झोपलं की जरा बरं वाटायचं. डावा हात म्हटल्यावर घरचे घाबरले, आधी ईसीजी काढला. तो व्यवस्थित आला. मग ‘स्पॉन्डिलायटिस असणार’ असं माझं मीच ठरवलं आणि मलम, शेक, मानेचा पट्टा सुरू केला. भरीत भर म्हणजे केस कापून झाले की मान मोडून घ्यायची. कट्‌कन आवाज आला की वाटायचं, शीर मोकळी झाली. हे मात्र कुणीही करू नका.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो, एमआरआय झाला. मानेत सात मणके, त्यांच्या मध्ये गाद्या. माझी सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून हाताकडे जाणारी नस दाबत होती. म्हणजे दुखणं हातात, कारण मानेत. पाइप गळतो चौथ्या मजल्यावर आणि डाग पडतो तिसऱ्याच्या छतावर, हे आपल्याला काही नवीन नाही.

डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन नको. बहुतेकांचं हे दुखणं गोळ्या आणि फिजिओथेरपीने सहा ते बारा आठवड्यांत कमी होतं. मी खूश. दुखणं कमीही झालं. पण एक दिवस टाकी बघायला वर आलो तर गच्चीचं हे लोखंडी दार डाव्या हाताने ढकलेना. हातात जोरच नव्हता.

मी घरी बोललो नाही. ऑपरेशन म्हणजे लकवा, असं डोक्यात पक्कं बसलेलं. तीन आठवडे लपवलं. शेवटी आमच्या हिच्याच लक्षात आलं की डावा दंड बारीक दिसतोय. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. दुखण्यासाठी थांबता येतं, ताकद जायला लागली की थांबायचं नसतं. नस फार दिवस दबली तर ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

ऑपरेशन मागून नाही, पुढून झालं. मलाही आश्चर्य वाटलं. अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, तसंच हवाईच्या क्लोवर्ड यांनी 1958 साली या पुढून करायच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. पुढून गेलं की मज्जारज्जूला न हलवता गादीपर्यंत पोचता येतं. गळ्याच्या घडीत छोटा छेद घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला करतात, गादी काढतात, तिथे आधार बसवतात. मला वर टायटॅनियमची पट्टीही लावली. पुढे काही महिन्यांत ते दोन मणके एकमेकांना जुळतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे नीट न जुळण्याची शक्यता जास्त असते, ते तेवढं लक्षात ठेवा.

शुद्धीवर आलो तेव्हा हातातली कळ गेलेली होती. दुसऱ्या दिवशी चाललो. गिळायला मात्र काही आठवडे त्रास झाला, मऊ भात आणि वरण. आवाजही महिनाभर घोगरा होता, त्या वर्षीची जनरल बॉडी त्यामुळे लवकर संपली. ताकद यायला सहा महिने लागले. मधलं बोट अजून थोडं बधिर आहे. मान वळवताना विशेष काही जाणवत नाही. मात्र जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर पुढे ताण येऊ शकतो, म्हणून दाखवायला जातो.

आणखी एक, खास ज्येष्ठांसाठी. कधीकधी नस नाही, मज्जारज्जूच दाबला जातो. तेव्हा मान फारशी दुखतही नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, सही बिघडते, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही. त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, लगेच दाखवा. तिथे सहा आठवडे वाट बघायची नसते.

माझी फाइल आणि एमआरआय घरीच आहे. कुणाला ऑपरेशन सांगितलं असेल आणि भीती वाटत असेल, तर संध्याकाळी सहानंतर या. चहा होईल. औषध विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा.