कायद्याचे राज्य आणि कलम ३६



न्यायासाठी सातासमुद्रापार जाण्याची परंपरा साताऱ्याला जुनी आहे. १८१९ च्या तहाने दिलेला शब्द मोडून कंपनी सरकारने १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये झगडले. तह हाती होता, युक्तिवाद बिनतोड होता. नव्हते ते त्रयस्थ न्यायपीठ. ज्याने अन्याय केला, त्याच्याच दारी दाद मागावी लागली. १८४८ मध्ये तर राज्यच खालसा झाले.

याच परिसराशी नाते असलेला दुसरा खटला आपल्या काळात उभा राहिला. कुलभूषण जाधव यांचा जन्म सांगलीचा. सातारा जिल्ह्यातील आनेवाडीशी कुटुंबाचा ऋणानुबंध. नौदलाच्या या निवृत्त अधिकाऱ्याला मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने हेर ठरवून कैदेत टाकले. इराणमधून त्यांचे अपहरण झाले, ही भारताची भूमिका. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाची फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारतीय वकिलातीला त्यांची भेट मात्र वारंवार मागूनही मिळाली नाही.

८ मे २०१७ रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आधार होता १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६. परक्या देशात अटक झालेल्या नागरिकाला स्वदेशाच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क हे कलम देते. यासंबंधीचे वाद हेगला नेण्याचा पूरक करारही दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता. म्हणून पाकिस्तानला तेथे उत्तर देणे भाग पडले. दहाव्या दिवशी, अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नये, असा आदेश निघाला. भारताची बाजू हरीश साळवे यांनी केवळ एक रुपया मानधनावर मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निर्णय पंधरा विरुद्ध एक मताने दिला. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क संपत नाही, हेही स्पष्ट केले. विरोधी मत एकट्या पाकिस्तानने नेमलेल्या न्यायमूर्तींचे. चिनी न्यायाधीशही बहुमतात होते.

तथापि भाबडेपणा नको. सुटकेची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच सांगितले. या न्यायालयाजवळ ना पोलीस, ना तुरुंग. १९९९ मध्ये त्याचा आदेश डावलून अमेरिकेने वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाला मृत्युदंड दिला होता. निकाल न पाळल्यास सुरक्षा परिषदेकडे जाता येते, पण तेथे नकाराधिकाराची भिंत आहे. निकालानंतर पाकिस्तानने दिलेल्या भेटीही निर्वेध नव्हत्या.

मग मिळाले काय? फाशीचा दोर थांबला, ही गोष्ट एखाद्या कुटुंबासाठी लहान नसते. आंतरराष्ट्रीय संस्था दुर्बळांना न्यायाची भिक्षा घालत नाहीत. करार जाणणाऱ्या, वेळेवर दाद मागणाऱ्या आणि मागे न हटणाऱ्या राष्ट्राला त्या व्यासपीठ देतात. तेथे बोलण्याचा नैतिक अधिकार मात्र घरी कमवावा लागतो. कसाबसारख्या क्रूरकर्म्यालाही भारताने वकील दिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलाची संधी दिली. कायद्याचे राज्य ही आपली दुर्बलता नव्हे, तेच आपले बळ आहे. ते बळ कायम राखून सांगलीच्या या सुपुत्राच्या सुटकेचा आग्रह अखंड धरणे, हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.