साकल्यवादी मानसोपचार: उगम आणि विचार

एकच भूपाळी काळी एकमध्ये गायली किंवा पांढरी पाचमध्ये गायली, तरी प्रत्येक स्वराची कंपनसंख्या बदलूनही चाल तीच असल्याचे कानाला तत्काळ कळते, कारण चाल स्वरांच्या परस्परसंबंधांत वसते. हे निरीक्षण ख्रिस्तियान फॉन एहरेनफेल्स यांनी १८९० मध्ये मांडले आणि १९१२ पासून माक्स व्हर्टहायमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने गेस्टाल्ट मानसशास्त्र, म्हणजे मराठीत ज्याला व्यूह मानसशास्त्र म्हणतात ते, उभे केले. साकल्यवादी मानसोपचाराचे, म्हणजे माणसाचे मन, शरीर आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार करणाऱ्या उपचाराचे, एक मूळ येथे आहे.

दुसरे मूळ युद्धजखमींच्या शुश्रूषेत सापडते. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर फ्रँकफुर्ट येथे उपचार करणारे मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या लक्षात आले की, काही रुग्ण आपल्या वस्तू कमालीच्या काटेकोरपणे लावून ठेवतात आणि न झेपणारे प्रसंग कटाक्षाने टाळतात. हा आग्रह जखमेतून थेट उपजला नव्हता. उरलेल्या क्षमतेत निभावता यावे म्हणून त्या संपूर्ण व्यक्तीने आपले जग लहान करून घेतले होते. ज्याला केवळ बिघाड मानले जाई, त्यात जगण्याची धडपड पाहणारी ही दृष्टी हाच साकल्यवादी उपचाराचा गाभा होय. १९३३ मध्ये नाझी राजवटीने गोल्डस्टाइन यांना अटक केली, आणि देश सोडण्याच्या अटीवर सुटल्यानंतर त्यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये हे विचार ग्रंथरूपात मांडले.

गोल्डस्टाइन यांच्या हाताखाली काम केलेले फ्रिट्झ पर्ल्स आणि गोल्डस्टाइन यांच्याकडेच शिकलेल्या लॉरा पर्ल्स या ज्यू दांपत्यालाही त्याच वर्षी जर्मनी सोडावी लागली आणि नेदरलंड्समार्गे ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. गांधीजींच्या सत्याग्रहाच्या इतिहासातून मराठी वाचकाला परिचित असलेले तेथील राजकीय नेते यान स्मट्स यांनी १९२६ च्या ग्रंथात ‘संपूर्ण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘होलिझम’ ही संज्ञा घडवली होती, तिचा ठसा पर्ल्स यांच्या लेखनावर उमटला. स्मट्स यांचे राजकारण मात्र वर्णभेदाचेच राहिले, हे विसरता येत नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये पॉल गुडमन व राल्फ हेफरलाइन यांच्यासह फ्रिट्झ यांनी लिहिलेल्या १९५१ च्या ग्रंथाने गेस्टाल्ट उपचारपद्धतीला रूप दिले. नृत्य व संगीताचे संस्कार असलेल्या लॉरा यांनी उपचारकाचे लक्ष रुग्णाच्या बसण्याच्या ढबीकडे आणि श्वासाकडे वळवले, आणि हे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

या विचारानुसार आजचे लक्षण हे बहुधा कधीकाळी उपयोगी पडलेले समायोजन, म्हणजे परिस्थितीशी करून घेतलेली जुळवणी, असते. ज्या घरात उलट बोलल्यावर मार बसे, तेथे श्वास रोखून गप्प राहणे हे मुलाचे शहाणपणच होते. तेच मूल मोठे झाल्यावर कचेरीच्या बैठकीत त्याचा गळा दाटून येतो, तेव्हा ती जुनी जुळवणी कालबाह्य होऊनही चालू असते. म्हणून उपचारक ‘असे का होते’ यापेक्षा ‘या क्षणी आवाज कसा अडवला जात आहे’ हे विचारतो.

असे निरीक्षण घरीही करता येते. झोप न लागणाऱ्या व्यक्तीने अंथरुणावर पडल्यावर जबडा आवळलेला आहे काय, खांदे वर ओढलेले आहेत काय, श्वास कोठे अडतो, आणि दिवसभरात कोणाशी काय बोलायचे राहून गेले, एवढेच शांतपणे न्याहाळावे. त्यात बदल करण्याची घाई करू नये.

‘समग्र उपचार’ या नावाखाली औषधे बंद करण्याचा सल्ला दिला जातो, तो घातक आहे. थकवा आणि उदासीनतेमागे थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षयही असू शकतो, त्यामुळे रक्ततपासणी हा साकल्याचाच भाग ठरतो. मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या थांबवू नयेत, आणि उपचारकाचे शिक्षण व प्रशिक्षण विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र निरीक्षणात वेळ न दवडता जवळच्या माणसाला सांगावे आणि केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ही सेवा विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असते.