मातेचा आजार आणि बालकाचे दूध



बाळंतिणीला ताप-खोकला आला की बाळाला तिच्यापासून दूर ठेवावे आणि अंगावरचे दूध तोडावे, असा सल्ला अनेक घरांतून दिला जातो. बाळाला आजार लागू नये, ही त्यामागील भावना रास्तच आहे. परंतु बहुतेक विषाणुजन्य आजारांत या सल्ल्यामुळे नेमके उलट घडते. ज्या वेळी बालकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी ते काढून घेतले जाते.

विषाणूचा शिरकाव झाला की मातेचे शरीर त्याला ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने तयार करते. यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. आतड्याच्या व श्वसनमार्गाच्या अस्तराशी सज्ज झालेल्या काही पेशी रक्तावाटे स्तनग्रंथींत पोहोचतात. तेथे त्या ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडे निर्माण करतात व ती दुधात उतरतात. बालकाच्या तोंडात, घशात व आतड्यात ती अस्तरावर पसरतात आणि विषाणूला पेशींत शिरण्यास अटकाव करतात. नवजात बालकाला स्वतःची अशी प्रतिपिंडे पुरेशी तयार करता येत नाहीत. ही उणीव मातेचे दूध भरून काढते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चिकात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणूनच चीक पिळून टाकणे बालकाच्या हिताचे नाही.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. मातेला ताप येण्यापूर्वीच पुष्कळदा विषाणू बालकापर्यंत पोहोचलेला असतो. दूध तोडल्याने तो संपर्क पुसला जात नाही. त्यावरील उपाय मात्र हातचा जातो.

कोविडच्या साथीत या प्रश्नाची कसोटी लागली. प्रारंभी अनेक ठिकाणी बाधित मातांपासून नवजात बालकांना वेगळे ठेवण्यात आले. पुढे अमेरिकेतील संशोधकांनी १८ बाधित मातांच्या दुधाचे ३७ नमुने तपासले व २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाही नमुन्यात विषाणूचा अंश आढळला नाही. उलट, शेकडा ७६ नमुन्यांत या विषाणूविरुद्धची ‘आयजीए’ प्रतिपिंडे होती आणि शेकडा ६२ नमुने विषाणूला निष्प्रभ करू शकले. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० मध्येच बाधित मातांनी स्तनपान चालू ठेवावे, अशी शिफारस केली होती.

याचा अर्थ दूध म्हणजे लस, असा नव्हे. ही प्रतिपिंडे मुख्यतः अस्तरावरच काम करतात. स्तनपान थांबले की त्यांचा पुरवठाही थांबतो. आजारी मातेने बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. फार अशक्तपणा असल्यास दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने पाजावे. ते उकळू नये, कारण उकळल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात. काही अपवादही आहेत. एचआयव्ही बाधित मातेने नियमित औषधोपचार घेत वैद्यकीय सल्ल्यानुसारच स्तनपान करावे. इबोलासारख्या रोगात व स्तनावर नागिणीचे फोड असताना वेगळी दक्षता लागते. अशा वेळी निर्णय डॉक्टरांचा असावा, शेजारपाजारचा नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके शेकडा ४२ च्या आसपासच होती. हे चित्र केवळ दवाखान्यातून बदलणारे नाही. बाळाला कधी पाजावे, याचा निर्णय अनेकदा सासू, आजी व शेजारणी यांच्या बोलण्यावर ठरतो. म्हणून पंचायत सदस्यांनी महिला सभेत हा विषय मांडावा, शिक्षकांनी पालकसभेत तो समजावून सांगावा आणि अधिकाऱ्यांनी आशा व अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत त्याची उजळणी घ्यावी. साथ आल्यावर सांगितलेली गोष्ट भीतीत विरून जाते. साथीपूर्वी रुजलेली गोष्ट ऐनवेळी घराघरांत उपयोगी पडते.