शाळेचा कागद
(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू चौदा वर्षं फौजेत होतास, एखादा थरारक प्रसंग सांग." मी हो म्हणालो. पण माझ्या फौजी आयुष्यातला सगळ्यात थरारक प्रसंग फौजेत जाण्याआधीचा आहे आणि तो आपल्या शाळेच्या ऑफिसात घडला. तो तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून आज तोच सांगतो.

मला तुम्ही "टाक्या" म्हणायचात. आज सकाळी गेटवर उतरलो तेव्हा पहिली हाक तीच आली, बरं वाटलं. हे नाव कसं पडलं ते पाचवी 'ब'च्या मंडळींना आठवत असेल. १९९२ चा ऑक्टोबर होता, सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. माझ्या उजव्या जांघेत गाठ यायची आणि आडवं झालं की नाहीशी व्हायची. आजी म्हणाली, "अंतर्गळ आहे." तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त ते हर्निया म्हणाले. ऑपरेशन झालं, टाके पडले, सहामाही बुडाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने पळायचं नाही, वजन उचलायचं नाही.

पीटीच्या तासाला मी लिंबाच्या पारावर बसून राहायचो. दोन-तीन तास सरांनी ते पाहिलं आणि मग माझ्या हातात स्टॉपवॉच आणि वही दिली. म्हणाले, "पळता येत नाही ना, मग पळणाऱ्यांची वेळ लिही." सहा महिने मी तुम्हा सगळ्यांच्या वेळा लिहिल्या. कोण किती हळू पळायचं ते मला अजून पाठ आहे, पण आज इथे घरची मंडळी आलेली आहेत, म्हणून गप्प बसतो. सहावीत गेल्यावर सर म्हणाले, "आता तुझी वेळ मी लिहितो." तिथून पळायला लागलो तो दहावीपर्यंत थांबलो नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. गावाच्या नावातच मिलिटरी असलेल्या जिल्ह्यातला मुलगा फौजेत जायचं म्हणतो, यात नवल काही नाही. बी.एस्सी. झालो, सीडीएसची लेखी परीक्षा पास झालो आणि जून २००४ मध्ये एसएसबीला गेलो. पाच दिवसांच्या शेवटी ज्या थोड्या मुलांचे चेस्ट नंबर पुकारले त्यात माझा होता. घरी एसटीडीवरून फोन केला, तर आईला बोलताच येईना.

निवड झालेल्यांची पुढे लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. आदल्या रात्री बराकीत सगळे एकमेकांचे दोष मोजत बसले होते. कुणाचे गुडघे जुळत होते, कुणाच्या कानात मळ होता. माझा व्रण बघून एक जण म्हणाला, "सरळ सांग, लहानपणी तारेच्या कुंपणावर पडलो होतो." दुसरा म्हणाला, "तो बोटभर सरळ व्रण बघून डॉक्टर फसेल होय?" मी रात्रभर विचार करत पडलो. खरं सांगतो, मला खोटं बोलायचं होतं. सकाळी डॉक्टरांनी व्रणावर बोट ठेवून विचारलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "सर, हर्निया. पाचवीत असताना."

"कागद?"

कागद नव्हते. दवाखान्याची फाइल आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, ती वाळवीनं खाल्ली होती.

निकाल आला, अनफिट. कारण लिहिलं होतं: हर्नियाचं ऑपरेशन, पुरावा नाही. खरं बोललो आणि घरी आलो, असं मला वाटलं. आठ दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

आता एक गोष्ट सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता त्या वयात आहेत. लोकांना वाटतं, फौजेत अशा वेळी "सूट" मिळते, ओळख लागते, पैसे लागतात. आमच्याकडेही एक गृहस्थ आले होते. पन्नास हजारांत काम होईल म्हणाले. वडिलांनी त्या रात्री दोन म्हशींपैकी कोणती विकायची याचा हिशेब केला, हे मला आईनं फार नंतर सांगितलं. त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा घरात घेतलं नाही ते बरं झालं. सूट असा प्रकार नसतो. असतो तो अपीलाचा हक्क. पहिल्या बोर्डानं अनफिट केलं तर ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. त्यासाठी तेव्हा ४० रुपयांचं चलन भरावं लागे. पन्नास हजार कुठे आणि चाळीस रुपये कुठे! त्याच्याही वर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड असतं, पण ते मंजूर होईलच असं नाही.

हर्नियाबद्दलचा नियमही मी तेव्हा नीट वाचला. ऑपरेशन झालेला मुलगा कायमचा बाद, असं त्यात नव्हतंच. ऑपरेशनला ठरावीक काळ उलटलेला हवा, पोटाचे स्नायू चांगले हवेत, हर्निया पुन्हा झालेला नसावा, आणि ऑपरेशनचा लेखी पुरावा उमेदवारानं द्यावा. पहिल्या तीन गोष्टी माझ्या अंगावर होत्या. चौथी वाळवीच्या पोटात होती.

साताऱ्याच्या एका सर्जननी मला कागदाचं महत्त्व समजावून सांगितलं. मूल जन्मण्याआधी पोटातून जांघेत उतरणारी एक पिशवी बंद व्हायची असते. काही मुलांत ती उघडी राहते. लहानपणीच्या ऑपरेशनमध्ये ती बांधून टाकतात, स्नायूंची भिंत मुळात धडधाकट असते. मोठेपणी होणाऱ्या हर्नियात बहुधा भिंतच कमजोर झालेली असते. "व्रण बाहेरून दिसतो," ते म्हणाले, "पण ऑपरेशन कोणत्या वयात झालं, कशासाठी झालं, हे व्रण सांगत नाही. ते कागद सांगतो."

मग कागदाचा शोध सुरू झाला. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर वारले होते. दवाखान्याच्या जागी खतांचं दुकान झालं होतं. तिथले जुने कंपाउंडर भेटले, त्यांनी सांगितलं की सगळी दप्तरं रद्दीत गेली. ४२ पैकी २३ दिवस संपले होते. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "तुझी सहामाही बुडाली होती. तेव्हा शाळेनं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली होती. तुझ्या दादांनी अर्ज लिहून दिला होता."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी शाळेच्या ऑफिसात. आपले क्लार्ककाका तुम्हाला आठवतात. दाखला मागायला गेलं की चष्म्यावरून बघायचे आणि आपला गुन्हा काय असेल याचा आपणच विचार करायला लागायचो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारा वर्षं झाली. सुट्टीचे अर्ज आम्ही इतके दिवस ठेवत नाही." मी उठलो. तर म्हणाले, "बस. परीक्षा बुडालेल्या पोरांचे कागद मी टाकत नाही. उद्या कुणी विचारलं, याला वर कसा घातला, तर?"

तीन दिवस ते शाळा सुटल्यावर थांबले. माळ्यावरून लाल फडक्यातले रुमाल खाली काढायचे, धूळ झटकायची, गाठ सोडायची, कागद चाळायचे, पुन्हा गाठ मारायची. मला हात लावू देत नव्हते. "क्रम बिघडतो," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक कागद उजेडात धरला आणि वाचून दाखवला. वडिलांच्या अक्षरातला अर्ज, त्याला टाचलेली डॉक्टरांची चिठ्ठी. त्यात नाव, वय दहा वर्षं, उजव्या बाजूचा हर्निया, ऑपरेशनची तारीख, आणि "सहा महिने धावणे व जड वजन उचलणे टाळावे."

ते म्हणाले, "अस्सल घेऊन जा. झेरॉक्स कुणी मानत नाही. इथे सही कर. आणि काम झालं की परत आणून दे, शाळेचा कागद आहे." मी सही केली. मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं. पीटीच्या सरांनी सहावी ते दहावीच्या माझ्या धावण्याच्या वेळा त्यांच्या वहीतून उतरवून दिल्या. अशी वही त्यांनी जपून ठेवली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुण्याला वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये अपील बोर्ड झालं. सर्जननी मला उभं करून खोकायला लावलं, झोपवून मान उचलायला लावली, सोनोग्राफी केली. मग चिठ्ठी वाचली. विचारलं, "हे कुठून मिळालं?" म्हटलं, "सर, शाळेतून." त्यांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं, शाळेचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, "चांगली शाळा आहे." निकाल, फिट. त्याच वर्षी चेन्नईच्या अकादमीत दाखल झालो आणि सप्टेंबर २००५ मध्ये खांद्यावर स्टार लागले.

कागदानं मला फिट केलं नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. माझ्याबरोबर त्या दिवशी कानाच्या ऑपरेशनचा एक मुलगा होता. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जाड फाइल होती, सगळं खरं होतं, तरी तो बाद झाला. आम्ही दोघांनी हॉस्पिटलबाहेर चहा घेतला. मला आनंदही करता येईना. आज तो शिक्षक आहे, अजून आमचं बोलणं होतं.

तेव्हा मला तो अन्याय वाटला. पुढे काश्मीरमध्ये बर्फानं रस्ता बंद झालेल्या एका चौकीवर माझ्या एका जवानाच्या पोटात रात्री कळ उठली. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. दोन दिवस मी त्याच्या शेजारी बसून होतो आणि वायरलेसवर डॉक्टर सांगतील तेवढंच करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी हवा उघडली आणि तो खाली गेला, वाचला. त्या दोन रात्रींत मला मेडिकल बोर्ड कळलं. बोर्डातला डॉक्टर उमेदवाराकडे बघतो तेव्हा त्याला अशी चौकी दिसत असते.

म्हणून आपल्या मुलांना तीन गोष्टी सांगा. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. लपवू नका. आणि अनफिटचा कागद हातात आला की रडण्यात दिवस घालवू नका, मी आठ घालवले. नियम बदलत राहतात, त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचा.

आता शेवटचं. क्लार्ककाका गेल्या वर्षी गेले. "काम झालं की परत आणून दे," असं ते म्हणाले होते. मी दर सुट्टीत आलो, दर वेळी म्हटलं, पुढच्या वेळी देऊ. खरं म्हणजे तो कागद मला सोडवत नव्हता. बदली होईल तिथे तो माझ्या ट्रंकेत होता, डांबराच्या गोळ्यांसह, कारण वाळवी मला माहीत आहे.

आज एकोणीस वर्षांनी तो घेऊन आलो आहे. मुख्याध्यापिका बाई इथे आहेत. बाई, हा शाळेचा कागद. रजिस्टरमध्ये माझी सही असेल, तिच्यापुढे "परत मिळाला" एवढं लिहून घ्या. उशिराचा दंड असेल तर भरायला तयार आहे.

आणि हा त्याच रुमालात ठेवा, क्रम बिघडू न देता.